जड धातूचे संगीत

‘जड धातू’ म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे शिसे आणि पारा उभा राहतो, आणि तो तसाच उभा राहावा म्हणून आमचे विज्ञानशिक्षक वर्षभर खपत असतात. परंतु याच नावाचे एक संगीतही आहे. इंग्रजीत त्यास ‘हेवी मेटल’ म्हणतात. पालकमंडळींच्या कानी हे नाव पडले असेल, तर ते बहुधा तक्रारीच्या रूपानेच पडले असेल. आमच्याही कानी ते प्रथम तसेच पडले.

घडले ते असे. नववीतील एका विद्यार्थ्याच्या वह्यांच्या वेष्टनांवर कवट्या, साखळ्या आणि काटेरी वळणाची अक्षरे दिसू लागली. पुढे एका सहलीत त्याने घातलेल्या काळ्या सदऱ्यावरही एक मोठी कवटी विराजमान झालेली सर्वांनी पाहिली. थोड्याच दिवसांत त्याचे वडील चिंतातुर मुद्रेने शाळेत आले. मुलगा रात्री कानांत यंत्र घालून काहीतरी भयंकर ऐकत असतो. त्याने त्याच्या मनावर काही विपरीत परिणाम तर होणार नाही ना, असा त्यांचा प्रश्न होता. वर्गशिक्षक या नात्याने उत्तर देणे आमचे कर्तव्यच होते, आणि आम्ही ते तत्परतेने पार पाडले. ‘तो निव्वळ गोंगाट आहे, वयाबरोबर जाईल,’ असे आम्ही सांगितले. मुलगा बाजूलाच उभा होता. तो उद्धटपणे बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, “सर, तुम्ही ऐकलंय का ते?”

आम्ही ऐकले नव्हते. ज्या ग्रंथाचे पानही उलटले नाही त्यावर अभिप्राय देणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही निर्दयपणे कापतो. येथे आम्हीच त्या विद्यार्थ्याच्या जागी होतो.

आमच्या घरापासून चार घरे टाकून एक वृद्ध गृहस्थ राहतात. आगबोटीवर नोकरी केलेल्या माणसास आमच्या कोकणीत ‘तारवटी’ म्हणतात. हे गृहस्थ तसे जुने तारवटी. जहाजाच्या इंजिनघरात यंत्रांना तेल देण्याच्या कामावर ते तरुणपणी लागले आणि तेथेच त्यांची उमेद गेली. इतर तारवटी परदेशांतून घड्याळे, अत्तरे आणि काचसामान आणीत. हे आणीत ग्रामोफोनच्या तबकड्या. १९७५ साली लिव्हरपूल बंदरात जुन्या मालाच्या एका दुकानातून त्यांनी पहिली तबकडी घेतली. आज त्यांच्या संग्रही सहाशेहून अधिक तबकड्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक या जड धातूच्याच. गावात त्यांची थट्टा होते हे त्यांस ठाऊक आहे. आम्ही आमची अडचण सांगू लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून आम्हांस थांबविले आणि म्हणाले, “मास्तर, पयलीं आयकात, मागीर उलयात.” आधी ऐका, मग बोला. चार शब्दांत त्यांनी आमचा संपूर्ण अपराध सांगून टाकला!

वाचकांपैकी तरुण मंडळींनी तबकडी कदाचित पाहिलीही नसेल, म्हणून दोन शब्द तिच्याविषयी. मोठी ‘लाँग-प्ले’ तबकडी अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणली. ती बारा इंच व्यासाची असून मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. एका बाजूस सुमारे वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावते. मग उठून ती उलटावी लागते. या यांत्रिक मर्यादेतूनच ‘आल्बम’ नावाची कल्पना वाढीस लागली. कोणते गीत आरंभी यावे, बाजू कोणत्या गीताने संपावी, आणि उलटून ठेवल्यावर पहिला स्वर कोणता निघावा, याचा विचार नाट्यकाराने अंकांचा करावा तसा होऊ लागला. आमचे शेजारी एखादे सुटे गीत कधीही लावीत नाहीत. “पुस्तकाचे सतरावे पान फाडून कोणी वाचतो का?” असे ते विचारतात.

त्यांनी लावलेली पहिली तबकडी ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लंडमधील वाद्यवृंदाची होती. वृंदाचे, तबकडीचे आणि तीवरील पहिल्या गीताचे नाव एकच. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये ती एका दिवसात मुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाली. वेष्टनावर थेम्स नदीकाठची एक जुनी पाणचक्की आणि पुढे काळ्या वस्त्रांतील एक स्त्री. सुई टेकताच प्रथम पाऊस ऐकू येतो, दुरून एक घंटा वाजते, आणि मग गिटारीवर तीनच स्वर येतात.

या तीन स्वरांपाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचे तर खालचा षड्ज, त्याच्या वरच्या सप्तकातील षड्ज, आणि तेथून घसरून तीव्र मध्यम. बस्स, एवढेच! हा तीव्र मध्यम आपणांस परका नाही. यमनात तो आपण रोज ऐकतो. पण यमनात तो एकटा नसतो. गंधार आणि पंचम त्याच्या अलीकडे-पलीकडे उभे असतात आणि त्यांच्या सहवासात तो गोड होतो. येथे मात्र त्याला कोणाचा आधार नाही. सप्तकाच्या बारा अर्धस्वरांच्या बरोबर मधोमध, सहाव्या पायरीवर, त्याला एकटे लटकत ठेवले आहे. युरोपातील जुन्या संगीतशास्त्रात या अंतरास ‘संगीतातील सैतान’ असेच नाव पडले होते. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. तथापि भर दुपारी, नारळाच्या झावळ्यांतून ऊन येत असता, अंगावर शहारा आला हे कबूल केले पाहिजे. ज्यास आम्ही गोंगाट म्हटले होते त्यात मोजून तीन स्वर होते, आणि त्यांची जागा नेमकी ठरलेली होती.

हे स्वर ज्या हाताने वाजविले त्या हाताची कथा शेजाऱ्यांनी आम्हांस नंतर सांगितली. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील लोखंडी उद्योगाचे शहर. त्याच्या अॅस्टन नामक कामगार वस्तीत वृंदातील चौघेही वाढले. टोनी आयोमी हा त्यांचा गिटारवादक पत्र्याच्या कारखान्यात काम करी. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अखेरच्याच दिवशी त्यास गैरहजर सहकाऱ्याच्या जागी एका दाबयंत्रावर बसविण्यात आले, आणि उजव्या हाताच्या मधल्या व अनामिका या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा त्याचा हात हाच. गिटार आता विसरावी असे डॉक्टरांचे मत पडले. कारखान्याच्या मुकादमाने मात्र त्याच्या घरी एक तबकडी आणली. ती जँगो राइनहार्ट या वादकाची होती. आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी होऊनही हा मनुष्य जगप्रसिद्ध झाला होता.

पुढे आयोमीने जे केले ते आम्हांस कोणत्याही चमत्काराहून मोठे वाटते. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटविले. नेहमीच्या तारा दाबताना वेदना होत, म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारीला लावून पाहिल्या. पुढे तारा सैल करून स्वर खाली उतरविले. १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या तबकडीवर काही गीतांत हा उतार तब्बल तीन अर्धस्वरांचा आहे. बोटांस सुख व्हावे म्हणून केलेल्या या सोयीने आवाज मात्र खोल, जड आणि भारदस्त झाला. आज जगभर या पंथाचे वादक हौसेने तारा उतरवितात. त्यांची बोटे धडधाकट असतात, ही गंमत आहे!

जडपणाचे दुसरे कारण विद्युत्-ध्वनिवर्धकात आहे. ध्वनिवर्धकास झेपेल त्याहून जोराचा संकेत दिला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराच्या जोडीला वरचे अनेक स्वयंभू स्वर जन्मास येतात. आवाज खरखरीत होतो, दाट होतो आणि लांब टिकतो. हे ऐकून नाक मुरडण्यापूर्वी तंबोऱ्याकडे पाहावे. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा सरकवून आपण जवारी काढतो ती कशासाठी? तार नुसती ‘टण्’ न वाजता तिच्यातून स्वयंभू स्वरांचा झंकार उठावा म्हणूनच. साधन निराळे, परिणामही निराळा; पण मनुष्याची हाव तीच. शिवाय हे वादक एका वेळी बहुधा दोनच स्वर धरतात, षड्ज आणि पंचम. मध्ये गंधार घातला तर त्या खरखरीत सगळाच चिखल होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र स्वच्छ राहते. तंबोरा आपण ज्या जोडीत लावतो तीच ही जोडी. ही गोष्ट आम्ही शेजाऱ्यांस सांगितली तेव्हा ते प्रथमच आमच्याकडे आदराने पाहू लागले. त्यांनी तंबोरा कधी जवळून ऐकला नव्हता. तेव्हा ‘आधी ऐका’ हे त्यांस ऐकविण्याची संधी आम्ही सोडली नाही.

बर्मिंगहॅमच्याच परिसरातून ‘जुडास प्रीस्ट’ हा दुसरा वृंद आला. त्याचा गायक रॉब हॅल्फर्ड वॉल्सॉल गावात धातूच्या कारखान्यांच्या शेजारी वाढला. १९८० सालच्या त्यांच्या एका तबकडीचे नाव ‘ब्रिटिश स्टील’. तीवर यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज काढण्यासाठी त्यांनी सुऱ्या-काट्यांनी भरलेला ट्रे हलविला होता. ‘हेवी मेटल’ हे नाव या मंडळींनी स्वतः शोधलेले नाही. ते शब्द १९६८ सालच्या एका अमेरिकन गीतात येऊन गेले होते. पण ज्या गावात ते येऊन चिकटले तेथे ते अलंकारिक राहिलेच नाही.

आम्ही शेजाऱ्यांस विचारले, “इंजिनघरात दिवसभर घणघणाट सोसून आलेला मनुष्य विश्रांतीसाठी पुन्हा हेच का ऐकतो?” त्यांचे उत्तर आम्ही येथे मराठीत देतो. ते म्हणाले, “मास्तर, इंजिनघरात तुम्हांला एक आवाज येईल, मला वीस यायचे. पंप कोणता, पंखा कोणता, कोणत्या जागी तेल कमी पडले आहे, हे मी डोळे मिटून सांगत असे. तसे नसते तर तेल घालणाऱ्याचे काम काय? लिव्हरपूलला ही तबकडी ऐकली तेव्हा वाटले, कोणीतरी इंजिनघराला ताल लावला आहे.” मग त्यांनी तेच गीत पुन्हा लावले आणि बोटाने दाखवीत गेले: हा खर्जाचा गिटार, ही ढोलाची पायाने दाबायची थाप, हा थाळीचा किनारा. चौथ्या खेपेस आम्हांलाही तीन आवाज वेगळे काढता आले. वीस काढण्यास आणखी एक जन्म लागेल!

यानंतरची रविवार-दुपार आम्हांस विशेष स्मरते. त्या दिवशी त्यांनी ‘आयर्न मेडन’ या लंडनच्या वृंदाची १९८४ सालची ‘पॉवरस्लेव्ह’ ही तबकडी काढली. तिच्या शेवटी तेरा मिनिटांहून मोठे एक गीत आहे, आणि त्याचा विषय ऐकून आम्ही चकित झालो. इंग्रज कवी कोलरिज याची वृद्ध खलाशाची दीर्घ कविता! १७९८ साली प्रसिद्ध झालेली ही कविता आम्ही पदवीपरीक्षेपुरती वाचली होती. टीपा पाठ केल्या होत्या, गुणही बरे मिळाले होते. एक खलाशी निष्कारण एका शुभ पक्ष्यास मारतो. मग वारा पडतो, जहाज थिजते, पाण्याने वेढलेली माणसे तहानेने मरतात, आणि तो एकटा आपली कथा सांगत भटकण्यासाठी जिवंत उरतो. स्टीव्ह हॅरिस या वादकाने ही सारी कथा गीतात बांधली आहे. मध्यावर सर्व वाद्ये जवळजवळ शांत होतात. जहाजाचे लाकूड करकरते, आणि मूळ कवितेच्या काही ओळी कोणी हलक्या आवाजात म्हणते.

शेजाऱ्यांनी ती कविता कधी वाचली नव्हती. कोलरिजचे नावही त्यांस वेष्टनावरून ठाऊक होते. पण तो शांत भाग येताच ते खुर्चीत पुढे सरकले. एकदा भर हिंदी महासागरात त्यांच्या जहाजाचे इंजिन बंद पडले होते. “मास्तर, आवाजाची भीती नसते. आवाज थांबला की भीती वाटते. जहाज असेच करकरत होते.” आम्ही ज्या ओळींचे संदर्भासहित स्पष्टीकरण लिहिले होते त्या ओळींचा अर्थ आम्हांस त्या दुपारी समजला, हे आमच्या प्राध्यापकांस कळले तर ते काय म्हणतील कोण जाणे. (याच वृंदाचा गायक ब्रूस डिकिन्सन परवानाधारक विमानचालक असून वृंदाचे विमान त्याने स्वतः चालविले आहे. २००७ साली हा वृंद बंगळूरला येऊन गेला. शेजारी गुडघ्याच्या दुखण्यामुळे जाऊ शकले नाहीत, आणि तो विषय त्यांच्यापुढे काढू नये.)

सर्वच आम्हांस आवडले असे मात्र कोणी समजू नये. कित्येक तबकड्यांवर राक्षस, तलवारी आणि थडगी यांचा असा सुकाळ आहे की जुन्या अद्भुत कादंबऱ्यांची आठवण व्हावी. केवळ वेगासाठी वेग आणि किंचाळण्यासाठी किंचाळणे हेही पुष्कळ आहे. शेजारी स्वतःच त्या तबकड्यांना ‘तळाचा गाळ’ म्हणतात आणि तरीही त्या ठेवून देतात. संग्राहकाचा हा स्वभावधर्म असावा.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांची भीती नवी नव्हती. १९८५ साली अमेरिकेत सिनेटच्या समितीपुढे गीतांच्या आशयावर सुनावणी झाली, आणि वेष्टनांवर पालकांसाठी इशारा छापण्याची प्रथा पडली. दोन तरुणांच्या बाबतीत घडलेल्या एका दुःखद घटनेनंतर ‘जुडास प्रीस्ट’वर नेवाडा राज्यात खटला झाला. तबकडीत घातक संदेश गुप्तपणे भरला आहे, असा आरोप होता. १९९० साली न्यायाधीशांनी वृंदाच्या बाजूने निकाल दिला. दुसरीकडे, ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७० सालच्या ‘पॅरनॉइड’ या तबकडीचे पहिलेच गीत युद्धाच्या विरुद्ध आहे. सेनापती आणि पुढारी सुरक्षित बसून गरिबांच्या मुलांना मरणास धाडतात, असा त्याचा रोख आहे. ते गीत उग्र आहे, भेसूरही आहे. पण तो विषय मंजुळ स्वरांत कसा सांगावा, हे आम्हांस तरी सुचत नाही. भयंकराचे चित्र काढणारा भयंकराचा पूजकच असतो असे म्हटले, तर आपल्या नाटककारांपैकी किती जण सुटतील?

एक धोका मात्र खरा आहे आणि तो अगदी साधा आहे. तो गीतांत नसून कानांत आहे. शेजाऱ्यांस डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. ही देणगी तबकड्यांची नव्हे, इंजिनघराची. पण कान दोहोंत भेद करीत नाही. मुलांसाठी आठवड्यास चाळीस तास पंच्याहत्तर डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. रात्री कानांत यंत्र घालून झोपी जाणाऱ्या मुलास हे सांगणे अवश्य आहे, मग तो जड धातू ऐकत असो की भावगीत.

आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि आमचे पहिले उत्तर मागे घेतले. मुलाच्या देखत घेतले; कारण दिले होते तेही त्याच्या देखतच. आवाज कमी ठेवण्याविषयी सांगितले, टोनी आयोमीच्या बोटांची गोष्ट सांगितली, आणि एखादे गीत मुलाबरोबर बसून ऐकावे अशी विनंती केली. वडिलांस गीत आवडले नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले मात्र. मुलाने त्यांस काय काय समजावून सांगितले ते आम्हांस कळले नाही, कारण दोघेही एकाच वेळी बोलत होते.

५ जुलै २०२५ रोजी ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळचे चौघे अॅस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र आले. गायक ऑझी ऑस्बर्न कंपवाताने जर्जर झालेला. आसनावर बसूनच तो गायिला. त्याच महिन्याच्या २२ तारखेस तो निवर्तला. बातमी आली त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी तबकडी लावली नाही. त्यांनी ती वेष्टनातून काढली, पुसली, आणि परत ठेवली.

पावसाळा हा आमच्या किनाऱ्यावर संग्राहकाचा वैरी. वेष्टनांस बुरशी धरते, खाचांत पांढरी पूड साचते. तबकड्या आडव्या रचून चालत नाही, वजनाने वाकतात. उभ्या ठेवाव्या लागतात, आणि एकेक काढून मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने गोल गोल पुसावी लागते. सहाशे तबकड्या आणि दुखरे गुडघे यांचा मेळ बसत नव्हता. हल्ली रविवारी सकाळी तो नववीतील, आता दहावीतील, मुलगा तेथे जातो. दहा तबकड्या पुसल्यावर एक बाजू ऐकायची, असा त्यांचा करार आहे. परवा आम्ही डोकावलो तेव्हा तो खिडकीपाशी बसून ‘पॉवरस्लेव्ह’ पुसत होता. अंगात तोच काळा सदरा होता. धुऊन धुऊन त्यावरील कवटी आता बरीच पुसट झाली आहे.